कणगीतलं पुस्तक

पुस्तकाला कव्हर कोणत्या कागदाचं घालावं, या विषयावर मी सलग दीड तास बोलू शकतो. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. आमच्या सोसायटीतले लोक तक्रार म्हणून सांगतात. खाकी कागद दमटपणा धरतो, वर्तमानपत्राची शाई उतरते, कॅलेंडरचा कागद देखणा पण घडीवर फाटतो, आणि प्लास्टिकबद्दलचं माझं मत पुढे येणारच आहे. अंबरनाथ पूर्वेला तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या मजल्यावर माझ्या दोन खोल्या आणि दोनशे अकरा पुस्तकं. नोकरी एका कारखान्याच्या भांडारात. तिथे प्रत्येक वस्तूला चिठ्ठी आणि प्रत्येक चिठ्ठीला क्रमांक असतो. तीच शिस्त मी घरी आणली, एवढाच माझा गुन्हा.

माझं पुस्तक बघायचं तर आधी हात धुवायचे, मग पुसायचे, मग हात खरोखर वाळेपर्यंत माझ्याशी गप्पा मारायच्या. बोटाला थुंकी लावून पान उलटणाऱ्या माझ्या सख्ख्या मेव्हण्याला मी एक्याऐंशी सालापासून पुस्तक दाखवलेलं नाही. पुस्तक उघडायचं ते जेमतेम चार बोटं, म्हणजे पाठ मोडत नाही. चार बोटं उघडलेल्या पुस्तकात ओळीचे शेवटचे दोन शब्द दिसत नाहीत हे मला मान्य आहे. ते अंदाजाने लावून घेता येतात. वेणू, म्हणजे माझी बायको, म्हणते, "तुम्ही पुस्तकं वाचत नाही, राखता." हे ती कौतुकाने म्हणते असा माझा बरीच वर्षं समज होता.

अशा माणसाला एखादा गुरू लागतो. माझे गुरू बदलापूरला राहायचे. जयदेव टिपणीस, वय चौऱ्याहत्तर, जमीनमोजणी खात्यातून निवृत्त, पत्नी वारलेली, मुलगी इंदूरला. घरात काचेच्या दारांचं एक शिसवी कपाट आणि त्यात साडेसहाशे पुस्तकं. त्यांच्यापुढे मी म्हणजे अगदीच गबाळा. ते कपाटासमोर शिंकत नसत. शिंक आली तर अंगणात जात. पुस्तक बाहेर काढताना खाली पांढरं फडकं अंथरत, आणि पाहुण्याने ते पुस्तक दोन हातांनी उचललं नाही तर चहा येत नसे.

या कपाटाला टिपणीस वारस शोधत होते. मुलीने स्वच्छ सांगितलं होतं की इंदूरच्या घरात जागा नाही. आधीचे तीन उमेदवार बाद झाले होते. एकाने "एवढी वाचलीत का सगळी?" असं विचारलं, दुसऱ्याने पुस्तकावर चष्मा ठेवला आणि तिसरा पानाचा कोपरा दुमडताना सापडला. उरलो मी. त्या कपाटासाठी मी काय केलं असतं हे विचारू नका. आमच्या बाहेरच्या खोलीत त्याच्यापुरती जागा मी केव्हाच मोजून ठेवली होती, आणि त्यापायी वेणूचं शिवणयंत्र कुठे हलवायचं हेही ठरवलं होतं. वेणूला तेवढं सांगायचं राहिलं होतं.

अठ्ठ्याऐंशी साली जूनच्या पहिल्या आठवड्यात टिपणिसांनी मला बोलावलं आणि फडक्यात गुंडाळलेलं एक पुस्तक समोर ठेवलं.

"उकिडवे," ते म्हणाले, "पुस्तक पावसाळ्यात मरतं. उन्हाळ्यात कोणीही सांभाळेल. हे घेऊन जा. दसऱ्याला परत आणा. जसं आहे तसं. मग कपाट तुमचं."

पुस्तक त्यांच्या वडिलांनी लिहिलेलं होतं. फळझाडांची लागवड आणि मशागत. वडिलांनी ते पदरमोड करून एकोणीसशे सतरा साली छापलं आणि पुढच्याच वर्षी तापाच्या साथीत ते गेले. टिपणीस तेव्हा चार वर्षांचे. बाकीच्या प्रती कुठे गेल्या कुणास ठाऊक, ही एक आईने ट्रंकेत जपली होती. आणि तिचं खरं वैभव असं की तिची पानं कापलेलीच नव्हती. पूर्वी छापलेला मोठा कागद घड्या घालून शिवत आणि कडा कापायचं काम वाचणाऱ्यावर सोडत. एकाहत्तर वर्षांत या पुस्तकाला कोणी सुरी लावली नव्हती. घडीच्या बाहेरची पानं वाचता येत, आतली आतच.

"आईने दिलं तसं आहे," टिपणीस म्हणाले. "मी सुरी लावली नाही. तुम्हीही लावणार नाही."

मी दोन्ही कानांना हात लावले. लगेच लक्षात आलं की कानांना लागलेले हात आता पुन्हा धुवावे लागणार.

घरी आणलं आणि तिसऱ्या दिवशी आमचं छत गळायला लागलं. बरोबर माझ्या पुस्तकांच्या वरच. मी सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गेलो. ते म्हणाले, गळतीचा अर्ज मार्चमध्ये करायचा असतो. मी म्हटलं, मार्चमध्ये गळत नव्हतं. ते म्हणाले, म्हणूनच तेव्हा काम करता येतं. या उत्तरात काहीतरी चूक आहे हे मला जाणवत होतं, पण कुठे ते सापडेना. एवढ्यात माझ्याच एका पुस्तकातून चंदेरी रंगाची कसर सुळकन पळाली. ती टिपणिसांच्या पुस्तकाच्या दिशेने पळाली, असं मी आजही शपथेवर सांगेन.

मग सल्ले आले. समोरच्या कमळाबाईंनी डांबराच्या गोळ्या सांगितल्या. खालच्या मजल्यावरून वेखंड आलं. कोणी कडुलिंबाचा पाला, कोणी तंबाखूचं पान, कोणी कापूर. मी कोणालाही दुखवलं नाही, सगळंच केलं. चार दिवसांत आमच्या घराला असा वास सुटला की पोस्टमन पत्रं जिन्यातच ठेवून जाऊ लागला. वेणू शिंकून शिंकून बेजार झाली. कमळाबाई तिची चौकशी करायला आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "अहो भाऊजी, मी सांगितल्या त्या कपड्यांत ठेवायच्या गोळ्या. तुम्ही बायकोला दिल्यात की काय?" कसर मात्र ठणठणीत होती.

मग मी बँकेत गेलो. लॉकर कोरडा असतो, लोखंडी असतो आणि त्यात कसर शिरायची तर तिलाही सही करावी लागेल, असा माझा विचार. बँकेतल्या साहेबांनी फॉर्म पुढे केला.

"काय ठेवणार?"

"पुस्तक. फळझाडांचं."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "दागिने लिहा. सगळे दागिनेच लिहितात."

"पण दागिने नाहीत."

"मग लॉकर कशाला हवा?"

यावर आमची दहा मिनिटं तात्त्विक चर्चा झाली. मी खोटं लिहिणार नव्हतो, ते खरं लिहू देणार नव्हते. शेवटी 'मौल्यवान चीजवस्तू' यावर तडजोड झाली. तीन खेपा, दोन जामीन आणि एक फोटो झाल्यावर जुलैमध्ये लॉकर मिळाला. मी पुस्तक फडक्यातून काढलं, आत सरकवलं, आणि ते बोटभर बाहेर राहिलं. आडवं, उभं, तिरकं, कसंही केलं तरी बोटभर बाहेरच. साहेब मागे उभे होते. अत्यंत सहानुभूतीने म्हणाले, "घडी घालून बघा ना."

मी पुस्तक छातीशी धरून बँकेबाहेर पडलो. त्या माणसाशी मी आजतागायत बोललेलो नाही. त्यालाही त्याचं काही विशेष वाटत असावं असं दिसत नाही.

आता प्लास्टिक. उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये टेकचंद नावाच्या माणसाचं दुकान होतं. शर्ट आणि साड्या ज्यात घालतात त्या पारदर्शक पिशव्या तो तयार करायचा. मागच्या बाजूला एक यंत्र, त्याचा दांडा खाली दाबला की प्लास्टिकच्या कडा वितळून चिकटत. मी त्याला पुस्तक दाखवलं, लांबूनच.

"साईं, एकदम फर्स्ट क्लास करून देतो," टेकचंद म्हणाला. "चारों तरफ से सील. हवा नाय, पानी नाय. नदीत टाका, तरी ड्राय!"

"नदीत टाकायचं नाहीये."

"अरे, नका टाकू! मी गॅरंटी सांगतो ना."

त्याने दांडा दाबला. पुस्तक नव्या शर्टासारखं चकचकीत बंद झालं. मी इतका खूश झालो की माझी स्वतःची दोनशे अकरा पुस्तकंही सील करावीत असं मनात आलं. घरी येऊन आठ दिवस दर तासाला पाहत होतो. नवव्या दिवशी पिशवीला आतून घाम आला. मुसळधार पावसाच्या दिवशी सील केलेली हवा ती, तिच्यातलं पाणी जाणार कुठे? मी कात्री घेऊन पिशवी फाडली, पुस्तक पंख्याखाली धरलं, आणि वीज गेली. मग वेणू, मी आणि कमळाबाई आळीपाळीने सुपाने वारा घालत बसलो. पुस्तक वाचलं. पण पुठ्ठा किंचित वर उचलला गेला होता, आणि अजून अडीच महिने पावसाचे शिल्लक होते. मी घाबरलो. जेवण जाईना. कपाट तर जाणारच, पण एका म्हाताऱ्या माणसाच्या बापाची एकुलती एक खूण माझ्या हातून सडणार, हा विचार कारखान्यातही पाठ सोडत नव्हता.

अशा वेळी बनूबाई आली. बनूबाई पालेगावची. आमच्या इमारतीत भाजी आणि घरचा तांदूळ घेऊन यायची. वारा घालून थकलेली वेणू सूप हातात घेऊनच तांदूळ घ्यायला दारात गेली आणि तिने सगळी हकीकत सांगितली.

"एवढंच ना?" बनूबाई म्हणाली. "आमच्या कनगीत ठेवा की. दोन दोन वर्सं भात र्‍हातंय तिच्यात, कीड नाय का बुरशी नाय. पुस्तकाला काय व्हतंय?"

मी हसणार होतो. पण भात दोन वर्षं टिकतं, हे वाक्य माझ्या डोक्यात रुतून बसलं. भांडारातल्या माणसाला साठवणुकीची भाषा कळते. रविवारी मी पुस्तक चार फडक्यांत गुंडाळून पालेगावला गेलो.

बनूबाईच्या घरात, मागच्या अंधाऱ्या खोलीत, माणसाच्या छातीएवढी उंच कणगी होती. बांबूची विणलेली, आतबाहेर शेणामातीने सारवलेली. कणगीचे मालक म्हणजे बनूबाईचे सासरे कोंडाजी. वय टिपणिसांच्या आसपास, बोलणं मोजकं. त्यांनी भातावर निरगुडीचा पाला पसरला, मी पुस्तक त्यावर ठेवलं, त्यांनी वर आणखी पाला घातला, झाकण बसवलं आणि कडेने ओली शेणमाती लिंपून तोंड बंद केलं.

"आता दसऱ्याला," कोंडाजी म्हणाले. "मधी उघरायची नाय. आमच्या घरची रीत हाय. मधी तुम्हाला वाचावंसं वाटलं तं?"

"छे छे," मी म्हटलं, "मला वाचायचं नाहीच."

कोंडाजींनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. दारात उभी असलेली त्यांची नातसून सोनी, म्हणजे बनूबाईची सून, हीसुद्धा पाहत होती. तिने विचारलं, "काका, मंग कशाला आनलंय?"

"सांभाळायला," मी म्हणालो. तिने मान हलवली, पण ती समजल्याची मान नव्हती.

ऑगस्ट आणि सप्टेंबर हे माझ्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे महिने. पाऊस धो धो कोसळत होता आणि मी खिडकीत चहा पीत होतो. बनूबाई भाजी घेऊन यायची, मी "आपलं ते कसं आहे?" विचारायचो, ती "झ्याक हाय" म्हणायची. सप्टेंबरच्या मध्यानंतर ती "लय झ्याक हाय" म्हणायला लागली. त्या 'लय'कडे मी लक्ष द्यायला हवं होतं.

दसऱ्याच्या आदल्या रविवारी मी पालेगावला पोचलो. ओटीवर पाच-सहा माणसं बसलेली. मधोमध कोंडाजी, डोळे मिटून. समोर सोनी मांडी घालून, आणि तिच्या मांडीवर, पूर्ण उघडलेलं, दोन्ही बाजूंना सपाट पसरलेलं टिपणिसांचं पुस्तक. ती मोठ्याने वाचत होती. "'पेरूचे झाडास पाणी तोडावयाचे ते–' या या काका, बसा. पेरू चाललाय."

कुणीतरी घोंगडी सरकवली, तिच्यावर मी बसलो म्हणण्यापेक्षा पडलो.

हळूहळू कळलं ते असं. गौरी-गणपतीला अंदाजापेक्षा जास्त पाहुणे आले, घरातला तांदूळ सरला, आणि पाहुणा उपाशी ठेवण्यापेक्षा रीत मोडलेली बरी म्हणून कोंडाजींनी स्वतः कणगी उघडली. वर पुस्तक. सोनी सातवी शिकलेली, माहेर वांगणीकडचं, आणि लग्न झाल्यापासून तिने छापलेला कागद पाहिला तो पुड्या बांधलेला. तिने पुस्तक उघडलं, पाहिलं तर पानं एकमेकांना जोडलेली.

"छापनाऱ्यानी कापायचंच इसरलं व्हतं, काका," सोनी म्हणाली. "मंग मीच कापून ठेवलं. सगळं. तुम्हाला बसून कापायला लागलं नसतं? नवीन इळा व्हता, पाजळून घेतला. एक पान वाकडं नाय गेलं, बघा तरी."

आणि तिने विळ्याने कापलेलं ते पुस्तक मोठ्या अभिमानाने माझ्या हातात दिलं. तिला वाटत होतं मी आभार मानीन. सगळी ओटी माझ्याकडे त्याच अपेक्षेने पाहत होती. माझ्या तोंडून काय निघालं ते माझं मलाच कळलं नाही. बहुतेक "वा" असं काहीतरी असावं.

"लय कामाचं हाय," कोंडाजी म्हणाले. "भेटकलम कसं बांधायचं ते बरोबर लिवलंय त्यानं. मी चार बांधलीत परसात. तिन्ही धरली."

"चारातली तिन्ही?" मी विचारलं. अशा प्रसंगीही माझा भांडारातला स्वभाव जात नाही.

"चौथं बकरीनं खाल्लं."

सोनी काहीतरी सांगत होती. आत एका मुलाचं फार गोड लिहिलंय, सुतळी धरणाऱ्या. तिथे तिने खूण म्हणून निरगुडीचं पान घातलंय. मी ऐकत नव्हतो. पानांच्या कडांना विळ्याची बारीक कुसं दिसत होती, एका समासावर हळदीचा अंगठा उमटला होता, आणि पुस्तकाची पाठ तीन ठिकाणी मोडून ते माझ्या हातात आपोआप, हसत हसत उघडत होतं. एकाहत्तर वर्षं आईने आणि मुलाने राखलेलं, मी एका गणपतीत घालवलं होतं.

परतीच्या वाटेवर माझं डोकं भलत्याच दिशेने चालू लागलं. पानं कापली गेली, तर पुन्हा जोडता येणार नाहीत का? मी घरी न जाता सरळ कॅम्प दोनला गेलो.

"टेकचंदभाई, या पानांच्या कडा पुन्हा चिकटवता येतील?"

टेकचंदने पुस्तक हातात घेतलं, उलटलं, पालटलं. त्याने हात धुतलेले नव्हते आणि मी काही बोललो नाही, यावरून माझी अवस्था ओळखा.

"साईं, समजलं नाय. पुस्तक खुला आहे. तुम्हाला बंद पाहिजे?"

"हो."

"मग वाचणार कसं?"

"वाचायचं नाही."

टेकचंदने स्टूल पुढे ओढलं, मला बसवलं, पंखा माझ्याकडे वळवला आणि गड्याला पाणी आणायला सांगितलं. "टेन्शन नका घेऊ," तो म्हणाला. "घरी कोण आहे? भाभीला बोलावू?"

घरी वेणूने सगळं ऐकून घेतलं. रागावली नाही, हसलीही नाही. म्हणाली, "सरळ जा आणि खरं सांगा. कपाट नाही मिळालं तर नाही. माझं शिवणयंत्र आहे तिथेच बरं आहे." म्हणजे तिला ते कधीपासून माहीत होतं, हे मला विचारायचं धैर्य झालं नाही.

दसऱ्याच्या सकाळी मी बदलापूरला गेलो. टिपणीस वाट पाहत होते. धोतर कडक इस्त्रीचं, टेबलावर पांढरं फडकं, आणि फडक्यावर कपाटाची पितळी किल्ली. त्यांनी विचारण्याच्या आत मी सगळं सांगून टाकलं. कसर, लॉकर, टेकचंद, कणगी, विळा, हळद. काही गाळलं नाही, बकरीसुद्धा सांगितली. शेवटी म्हटलं, "चूक त्या पोरीची नाही. तिनं चांगल्या मनानं केलं. तिला वाटलं छापखान्याचं राहून गेलंय. दोष माझा. तुम्ही काय बोलाल ते मी ऐकून घेईन."

टिपणीस आधी हात धुवायला उठतील असं वाटलं, ते उठले नाहीत. त्यांनी फडकं सोडलं आणि पुस्तक टेबलावर ठेवलं. आता त्याची पाठच अशी मोडलेली की ते आपण होऊन उघडलं, निरगुडीचं वाळकं पान होतं तिथे. कधीच कोणी न पाहिलेली, घडीच्या आतली दोन पानं. टिपणिसांनी चष्मा लावला आणि वाचू लागले. सवयीने मनात वाचत होते, पण मध्येच त्यांचा आवाज बाहेर आला.

"'...आमचा चिरंजीव जयदेव, वय वर्षे तीन, कलम बांधतेवेळी सुतळीचे टोक धरून उभा राहतो व गाठ बसेपावेतो श्वास रोखून धरितो. सबब कलम बांधणाऱ्याने साह्यास लहान मूल घ्यावे. मोठी माणसे घाई करितात.'"

ते थांबले. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. तिसऱ्यांदा वाचायला गेले आणि त्यांना वाचता येईना. त्यांनी चष्मा काढला आणि उघड्या पुस्तकावरच ठेवला. चष्मा पुस्तकावर ठेवला म्हणून ज्यांनी एका माणसाला कपाटातून कायमचं बाद केलं होतं, ते टिपणीस.

"मला ते आठवत नाहीत हो," ते म्हणाले. "चेहरा नाही, आवाज नाही, काही नाही. आई म्हणायची, तू त्यांच्या मागेमागे असायचास. मला वाटायचं ती माझ्या समजुतीसाठी म्हणते." मग पानावरून हात फिरवत म्हणाले, "सत्तर वर्षं हे माझ्या हाताखाली होतं, उकिडवे. आणि मी त्याला जपत होतो."

मला रडू आलं. लाज वाटावी असं काही नव्हतं, पण एक थेंब टेबलावर पडला तेव्हा मी सवयीने पुस्तक बाजूला सरकवलं. टिपणिसांनी ते परत जवळ ओढलं.

"तुम्ही वाचलंत?" त्यांनी विचारलं.

चार महिने ते माझ्याकडे होतं. "नाही," मी म्हणालो. त्या दिवशी सगळं खरंच सांगायचं ठरलं होतं.

"मग वाचलं कोणी?"

"सोनीनं. आणि पालेगावच्या अर्ध्या आळीनं ऐकलं."

"चला," टिपणीस उठले. मी रिक्षा पाहायला धावलो. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस पायात चपला उलटसुलट घालून अंगणात उभा राहिला होता.

पालेगावला त्यांनी परसातली तिन्ही कलमं पाहिली, वाकून गाठी तपासल्या, आणि कोंडाजींशी तासभर अशा गप्पा मारल्या की मी आणि बनूबाई ओटीवर नुसते शेंगा सोलत बसलो. मला त्यातला एक शब्द कळत नव्हता, कारण पुस्तक मी वाचलेलं नव्हतं. सोनी दाराशी उभी होती. तिला कुठूनतरी कळलं होतं की हे ते सुतळीवाले, आणि ती त्यांच्या पांढऱ्या केसांकडे कौतुकाने बघत होती. निघताना टिपणिसांनी तिला विचारलं, "विळा कुठला गं तुझा?" तिने भीत भीत आणून दाखवला. त्यांनी तो कपाळाला लावला. दसरा होता, शस्त्राची पूजा करायचीच असते, असं ते आम्हाला म्हणाले.

कपाट मला मिळालं. दिवाळीच्या आधी सहा माणसांनी ते तिसऱ्या मजल्यावर चढवलं आणि जिन्याचा एक कोपरा उडवला. त्याचा अर्ज सेक्रेटरींनी स्वतः होऊन लिहून घेतला, ऋतू कोणता ते न विचारता. शिवणयंत्र जागचं हललं नाही. माझी खुर्ची हलली. फक्त एक अट टिपणिसांनी घातली. कपाट माझ्या घरी, किल्ली सोनीकडे.

सोनी दर रविवारी तांदळाच्या पिशवीबरोबर येते. कधी एक पुस्तक नेते, कधी दोन. त्यातली काही पालेगावात फिरतात, काही डहाळी, माती, हळद घेऊन परत येतात. सुरुवातीला मी डोळे मिटून घेत असे. आता मीही एक काढून घेतो, कारण आठवड्यात तेवढीच संधी असते. पुस्तक मी दोन्ही बाजूंना सपाट उघडतो. पाठ कट्‌ करून मोडते, आणि ओळीच्या शेवटचे दोन शब्द दिसतात. इतकी वर्षं अंदाजाने लावलेले त्यातले बरेच चुकीचे निघाले आहेत.

परवा मी चहा पिता पिता कपाटात हात घातला, तर सोनीने दार अर्धं लोटून धरलं.

"काका," ती म्हणाली, "बशी तिकडं ठेवा आधी. आन हात धुतलं का?"